जोर कुठे गेला ते आधी शोधा, पंप मग बदला

(अलोरे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी येथे कोरडवाहू शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातून कुंभार्ली घाट उतरून इथे आलात. समोर जे यंत्र ठेवले आहे ते ओंडके फोडायचे आहे. असे यंत्र तुमच्याकडे घरोघर नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट, उलटणारी ट्रॉली आणि जिनिंगमध्ये १७० किलोची गाठ बांधणारा प्रेस, ही सगळी याचीच भावंडे. ट्रॅक्टरचे सामान पोटात दडलेले असते, याचे सगळे उघड्यावर आहे. म्हणून शिकायला हे बरे.

यंत्राचा जोर गेला की मिस्त्री येतो, दोन मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "पंप गेला." पेरणी तोंडावर असते, आपण मुकाट्याने पंप आणतो. पंप बसतो, पण जोर काही परत येत नाही. मग कळते की, दहा मिनिटांत साफ होणाऱ्या गाळणीसाठी आपण नवा पंप विकत घेतला. असा खर्च पिकातून निघत नाही. तो टाळायचा तर एवढेच समजले पाहिजे की, जोर आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अलोऱ्याचेच उदाहरण घ्या. पोफळीच्या वीजघरातून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवले आहे आणि इथे कोयनेच्या तिसऱ्या टप्प्यात ते पुन्हा चाकावर घेतले आहे. ८० मेगावॅटचे ४ संच, म्हणजे ३२० मेगावॅट. पाण्याची उंची सुमारे ११० मीटर. दर १० मीटरला चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलो दाब येतो, म्हणजे इथे दाब झाला ११ किलोच्या आसपास. आणि आपल्या या छोट्या यंत्राचा दाब असतो १५० किलो! मग वीजघर मोठे कशाने? तिथे पाणी नदीसारखे वाहते. आपल्या पंपातून मिनिटाला २० लिटर तेल जाते, बस. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. दोन्हींपैकी एक घटले तरी काम अडते, पण दुखणे निराळे आणि औषधही निराळे.

हिशेब करून पाहा. सिलिंडर आतून १० सेंटीमीटर रुंद असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर. त्यावर १५० किलोचा दाब, म्हणजे पावणेबारा टनांचा रेटा. दाब १०० वर आला की रेटा आठ टनांच्याही खाली जातो आणि बाभळीच्या गाठीत पाचर अडकते. वेगाचे गणित निराळे. २० लिटर तेलाने ६० सेंटीमीटरचा दांडा १४ सेकंदांत बाहेर येतो. तेल १० लिटरच आले तर २८ सेकंद लागतील, पण रेटा तेवढाच राहील.

म्हणून पाना हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला : रिकामा दांडाही हळू चालतो का? तसे असेल तर तेल पुरेसे पोचत नाही. टाकीतली पातळी पाहा. तेलाला फेस असेल तर ओढीच्या पाइपातून हवा जाते आहे. तेल ताकासारखे पांढरट असेल तर त्यात पाणी शिरले आहे, ते बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. पंपातून खडे दळल्यासारखा आवाज आला तर गाळणी तुंबली आहे किंवा ओढीचा पाइप आतून चेपला आहे. पट्टा घसरतो का, पंपाच्या दांड्याची चावी तुटली का, तेही पाहून घ्या. विजेची मोटार असेल तर व्होल्टेज तपासा. डीपीची दुरुस्ती झाल्यावर फेज उलटसुलट जोडले जातात आणि मोटार उलटी फिरते. दात्यांचा पंप उलटा फिरला तर तेल फेकत नाही. पंपावरचा बाण पाहा. दोन तारांची अदलाबदल केली की काम होते. ती वायरमनकडून करून घ्या.

दुसरा : रिकामा दांडा झपाट्याने जातो, पण लाकडाला टेकला की थांबतो का? इथे इंजिनाचा आवाज ऐका. दांडा अडल्यावर इंजिन कण्हू लागले तर दाब तयार होतो आहे. मग दोष लाकडाच्या गाठीत, बोथट पाचरीत किंवा इंजिनात शोधा. दांडा अडला तरी इंजिनाला त्याची खबरच नसेल, तर तेल कुठून तरी पळवाट काढते आहे. काही यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो. तिथे लाकडाला टेकल्यावर दांडा हळू होणे ही त्याची रीतच आहे, तो बिघाड नव्हे.

तिसरा : सकाळी चालते आणि दुपारी दमते का? तेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून निसटते. पंप किंवा सील झिजल्याची ही खूण. ट्रॉली उचललेली ठेवल्यावर आपोआप खाली बसत असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

मुख्य पळवाटा तीन : सिलिंडरचे सील, रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंप. त्या याच क्रमाने तपासा, कारण महाग वस्तू शेवटी उघडायची असते.

आधी पंप आणि व्हॉल्व्हच्या मधे दाबाचे गेज लावा. दांडा पूर्ण बाहेर काढून लिव्हर दोन-तीन सेकंद दाबून धरा. यंत्रावर लिहिलेला दाब आला तर तिन्ही ठीक. कमी आला तर इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा. दांड्याच्या बाजूचा होज काढून त्याच्या तोंडाला पोलादी टोपी लावा आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली बादली ठेवा. पुन्हा सुरू करून लिव्हर बाहेरच्याच दिशेने दाबा, उलटी चुकूनही नेऊ नका. बादलीत तेलाची धार लागली तर दट्ट्याचे सील गेले. आपल्या हापशाचा वायसर झिजल्यावर पाणी चढत नाही, तसेच हे. १७९५ साली जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हाही गळती हीच अडचण होती. ती सुटली चामड्याच्या वाटीने.

धार नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकतो, नाहीतर स्प्रिंग तुटते. साफ करा, तुटले असेल ते बदला आणि गेज पुन्हा पाहा. तरीही दाब आला नाही, तेव्हाच म्हणा की पंप गेला.

आता जिवाचे बोलतो. जोर वाढावा म्हणून रिलीफचा स्क्रू अंदाजाने आवळू नका. तो यंत्राचा रक्षक आहे. त्याला बांधून टाकले तर होज किंवा सिलिंडर फुटतो. होजची बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, वर टाचणीएवढे भोक दिसते आणि आतून बोट सडत जाते. तसे झाले तर दुखत नसले तरी तासाभरात मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे डॉक्टरला स्पष्ट सांगा. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कोणी शिरायचे नाही, मिस्त्रीसुद्धा नाही.

गावात चार ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून एक गेज आणि दोन-तीन मापांच्या पोलादी टोप्या घेऊन ठेवा. यंत्र चांगले चालत असतानाच दाब मोजून वहीत लिहा आणि दांडा बाहेर यायला किती सेकंद लागतात तेही लिहा. बिघडल्यावर तुलना कशाशी करायची ते मग हाताशी राहील. मिस्त्री आपला वैरी नाही. त्याच्या कष्टाचे दाम त्याला द्या. पण "पंप गेला" असे तो म्हणाला की शांतपणे विचारा, "गेजवर दाब किती आला?" आकडा सांगितला तर पुढचे बोला. आकडा नसेल तर आधी गेज लावा म्हणावे, पंपाचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.