फिरायला जाता, पण तोलाचे काय?



साठी ओलांडलेल्या माणसाला आपण फिजिओथेरपिस्ट व्यायामाबद्दल विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेले असते : रोज सकाळी फिरायला जातो. ‘छान, चालू ठेवा’ म्हणून आपणही मोकळे होतो. मला आज या ‘छान’शीच भांडायचे आहे. फिरणे हृदयाला चांगले, मधुमेहाला चांगले, मनालाही चांगले. पण तेवढ्याने पडणे टळते याला भक्कम पुरावा नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत 25 देशांतल्या 108 चाचण्या आणि 23,407 ज्येष्ठांची माहिती एकत्र तपासली गेली. तोलाचे आणि रोजच्या उठण्या-बसण्याचे व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण 24 टक्क्यांनी घटले होते. त्यांना ताकदीच्या व्यायामांची जोड मिळाली तिथे घट सुमारे 34 टक्के होती. निव्वळ चालण्याबद्दल मात्र समीक्षकांना ठाम काही म्हणता आले नाही.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांवर मेंदू शरीर तोलून धरतो. वयाबरोबर या तिन्ही मंदावतात. जुन्या मधुमेहात तळपाय तर बधिरच होऊ लागतात. ठेच लागल्यावर झटकन पाऊल पुढे टाकून सावरायचे काम मांडी, खुबा आणि पोटरीच्या स्नायूंचे. सपाट, सवयीच्या रस्त्यावर या यंत्रणेला आव्हान असे मिळतच नाही. तोल सुधारतो तो थोडा डळमळू दिल्यावरच : पाय जुळवून उभे राहणे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावून, मग एका पायावर, आधी ओटा दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, पुढे नुसते बोट टेकवून. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात कॅम्पबेल आणि रॉबर्टसन यांनी ऐंशीपुढच्या स्त्रियांसाठी असाच चढता कार्यक्रम बसवला आणि 1997 साली त्याचे निष्कर्ष मांडले. घोट्याला वजन बांधून पाय बळकट करणे आणि तोलाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, तेही घरच्या घरी. फिरणे त्यातही होते, पण जोडीला.

यावर पहिला आक्षेप येतो तो धोक्याचा : तोल सांभाळायला शिकवताना म्हातारा माणूस तिथेच पडला तर? भीती खरी आहे, आणि म्हणूनच ओटा, भिंत, मागे खुर्ची, सोबत माणूस या अटी सोडायच्या नाहीत. पण पडण्याच्या भीतीने हालचाल कमी होते, त्याने पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याची शक्यता वाढते, हेही आपण रोज पाहतो. दुसरा आक्षेप वयाचा : आता या वयात काय सुधारणार? बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहातल्या 72 ते 98 वर्षांच्या शंभर दुबळ्या रहिवाशांवरचा प्रयोग 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दहा आठवडे व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली होती. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. माणूस झोपेच्या गोळीने पडतो, उठताना रक्तदाब उतरल्याने पडतो, मोतीबिंदूमुळे पडतो, मोरीतल्या ओल्या फरशीवर पडतो. मग व्यायामाचे एवढे काय? ही कारणे शोधलीच पाहिजेत, डॉक्टरांना कळवलीच पाहिजेत. पण गोळी बदलून पोटरीत बळ येत नाही. राहता राहिले, आपली माणसे पूर्वापार जमिनीवर मांडी घालून बसत आली, त्यांना वेगळा व्यायाम कशाला, असे म्हणणारे. ताट पाटावरून टेबलावर गेले त्याला बराच काळ लोटला, एवढेच त्यांना सांगतो.

पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात ज्येष्ठांचा वाटा सर्वांत मोठा. म्हणून माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. आपल्या चिठ्ठीवर ‘फिरा’ एवढेच लिहू नका. कोणता व्यायाम, कशाला धरून, किती वेळा, आठवड्यातून किती दिवस आणि तो कधी अवघड करायचा, हे लिहा. आणि खुब्याचे हाड मोडून माणूस आपल्याकडे येईपर्यंत थांबू नका. ज्येष्ठ नागरिक संघ गावोगावी आहेत, त्यांच्या बैठका नियमित भरतात. तिथे स्वतः जा आणि हे व्यायाम शिकवा.