तेलाची आयात, कामाची निर्यात
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



परदेशी मालामुळे देशातील रोजगार बुडतो काय, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. खनिज तेल वा यंत्रांचे सुटे भाग आले नाहीत, तर इथलेच कारखाने बंद पडतील. तेव्हा कोणता माल, किती जकात भरून आणि कोणाच्या हातचे काम काढून घेऊन येतो, हे तपासले पाहिजे. त्या दृष्टीने खाद्यतेलाची हकिकत उद्बोधक आहे.

१९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. सुधारित बियाणे, आधारभाव आणि आयातीवर नियंत्रण यांची सांगड घातल्याने दहा वर्षांत उत्पादन दुपटीहून अधिक झाले. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होता. १९९४ मध्ये पामतेल खुल्या परवान्यावर आले तेव्हा त्यावर ६५ टक्के जकात होती. १९९८ पर्यंत ती १५ टक्क्यांच्या आसपास उतरली. जागतिक व्यापार संघटनेमुळे नाइलाज झाला, ही सबब टिकत नाही. सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांची मर्यादा होती खरी, पण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत जकात बसविण्याची मुभा भारताने राखून ठेवली होती. दाराची कडी आतूनच काढली गेली. आता गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते.

यात काम कोणाचे गेले? भुईमुगाची पेरणी, खुरपणी, उपटणी, शेंगा तोडणे, ही कामे गावात होतात आणि त्यांतील बरीचशी स्त्रियांच्या वाट्याची असतात. पुढे हमाल, मापाडी, तेलगिरणीतील मजूर यांचे हात लागतात. पेंड गावच्या गोठ्यात परत येते. जहाजातून येणारे तेल मात्र नळाने टाकीत उतरते आणि बंदराजवळच शुद्ध होते. गावातील तेलगिरणीला कुलूप लागते, ते कोणत्याही आयातीच्या हिशेबात दिसत नाही. शुद्ध तेलच बाहेरून येऊ लागले, तेव्हा शुद्धीकरणाचे कारखानेही अडचणीत आले. जानेवारी २०२० मध्ये शुद्ध पामतेलाची आयात निर्बंधित करण्यात आली. कारखानदारांची हाक दिल्लीत ऐकू जाते, खुरपणाऱ्या बाईची जात नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात शून्यावरून २० टक्के झाली. मे २०२५ अखेर ती १० टक्क्यांवर आली. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याने यातून कोणता बोध घ्यावा? २०२४-२५ साठी सोयाबीनचा आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण मराठवाड्याच्या बाजारांत माल त्याहून पुष्कळ कमी दराने विकला गेला. पेंडेचे जागतिक भाव पडणे हेही त्याचे एक कारण होते. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम पाचवा हिस्सा असते. परंतु दोन्ही बाजूंनी मार खाणाऱ्या पिकाचा एक आधार काढून घेणे हे धोरण नव्हे.

जकात वाढली की गरिबाच्या कढईतले तेल महागते, हा आक्षेप खरा आहे. शेतमजूरही तेल विकतच घेतो. मात्र त्यावरचा उपाय सर्वांसाठी जकात उतरविणे हा नाही. ऐंशीच्या दशकात सरकारने आयात केलेले पामतेल शिधावाटप दुकानांतून मिळत असे. तोच मार्ग घ्यावा आणि जकातीच्या उत्पन्नातून गरिबाला सवलतीचे तेल द्यावे. जकात आधारभावाशी जोडावी, म्हणजे आयात तेल स्वस्त होताच ती आपोआप चढेल. आणि परावलंबनाला किंमत असतेच: २०२२ मध्ये इंडोनेशियाने सुमारे चार आठवडे पामतेलाची निर्यात थांबविली, तेव्हा ती कळली.

उत्पादक, हमाल, गिरणी कामगार आणि ग्राहक हे आज एकमेकांचे वैरी असल्यासारखे बोलतात. एकाच मागणीपत्रकावर या चौघांच्या सह्या आणणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. त्याची सुरुवात बाजार समितीच्या आवारातून व्हावी.