अंधारात हाताशी लागेल तोच दिवा

(ग्वाल्हेर येथे मराठी भाषिक नागरिकांसमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वीज खंडित होण्याच्या इतिहासात आपल्या ग्वाल्हेरचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभाराने बंद पडली आणि पाहता पाहता उत्तर भारताचे विद्युत् जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी हीच वाहिनी पुन्हा निमित्त ठरली. त्या वेळी उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भारताचाही वीजपुरवठा थांबला. ती वाहिनी सांभाळणे तुमच्या-आमच्या हाती नाही. घरातील दिवा मात्र आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. बॅटरीचा एक मोठा दिवा मी हौसेने आणून कपाटावर ठेवला होता. एका पावसाळी रात्री वीज गेली. कित्येक महिने प्रभारित न केलेला तो दिवा पेटेना. मी आगपेटी शोधीत असता मातोश्री पाण्यासाठी उठल्या. जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसली नाही आणि त्यांचे मनगट मोडले. दोष विजेचा नव्हता, माझा होता.

म्हणून दिवा निवडताना तो किती झगझगीत आहे, यापेक्षा ऐन वेळी पेटेल काय, हे प्रथम पाहावे. एक वॅटचा एल.ई.डी. दिवा खोलीत वावरण्यास पुरतो. विजेरी उभी ठेवून तिचा झोत पांढऱ्या छताकडे वळविल्यास उजेड खोलीभर पसरतो. अंगभूत बॅटरीचा बल्ब वीज जाताच आपोआप पेटता राहतो. मात्र तो प्रभारित होण्यासाठी त्याची कळ चालू असावी लागते. शिशाच्या बॅटरीचा दिवा रिकामा पडून राहिल्यास बॅटरी निकामी होते. तो महिन्यातून एकदा अवश्य प्रभारित करावा. विजेरीतील सेल गळले नाहीत ना, हेही अधूनमधून पाहावे.

मेणबत्ती व चिमणी स्वस्त खऱ्या. परंतु मच्छरदाणी, पडदा व निजलेले मूल यांच्याजवळ उघडी ज्योत नसावी. पेटत्या कंदिलात रॉकेल ओतू नये. जनरेटर घरात किंवा बंद व्हरांड्यात चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो झोपेतच प्राण घेतो.

शेवटी एक विनंती. आज रात्री घरातील मुख्य कळ दोन मिनिटे बंद करा आणि शाळकरी मुलाला दिवा आणावयास सांगा. त्याला तो न चाचपडता मिळाला व लगेच पेटला, तर आपली निवड योग्य. शिक्षक बंधूंनी हा प्रयोग गृहपाठ म्हणून अवश्य द्यावा.

जयहिंद!