न भरलेली जागा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लॉर्ड्सटाउन इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९७० साली तिथे शेव्हरोले व्हेगा ही छोटी गाडी बनायला लागली, तेव्हा बॉडीवर वेल्डिंगचे स्पॉट मारायला सव्वीस युनिमेट रोबोट लाइनवर उभे केले गेले. ताशी साठ गाड्यांची लाइन शंभराच्या पुढे गेली. एकेका कामगारापुढे गाडी थांबायची ती फक्त छत्तीस सेकंद. १९७२च्या मार्चमध्ये कामगारांनी हत्यारं खाली ठेवली, ती बावीस दिवस. गंमत अशी, की त्यांचा राग रोबोटवर नव्हताच. माणसं कमी केली होती आणि उरलेल्यांच्या वाट्याला जास्त काम आलं होतं. यंत्र दमत नाही म्हणून लाइन पळवता येते. त्या लाइनवर यंत्राच्या पुढे-मागे उभा असलेला माणूस मात्र दमतो.

वेल्डिंगमध्ये रोबोटने सुरुवात नेमकी स्पॉट मारण्यापासून का केली, हे ते काम पाहिलं की लगेच कळतं. तांब्याच्या दोन टिपांमध्ये पत्रे दाबायचे आणि आठ-दहा हजार अँपिअरचा प्रवाह डोळ्याचं पातं लवेपर्यंत सोडायचा. पत्र्यांच्या सांध्याशी विजेला जो रोध होतो, त्याच्या उष्णतेने धातू वितळतो आणि दाबाखालीच थिजतो. ना रॉड, ना वायर. जागा, दाब आणि वेळ, तिन्ही ठरलेली. मोटारीच्या एका बॉडीत असे साधारण चार-पाच हजार स्पॉट असतात. पूर्वी बॅलन्सरला टांगलेली अवजड गन आणि तिच्यामागची पाण्याने थंड ठेवलेली जाड केबल माणूस दिवसभर ओढायचा. पाळी संपेपर्यंत खांदे बोलायला लागत. आर्क वेल्डिंगचं दुखणं आणखी वेगळं. वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. या कामाला यंत्राचा हात लागला म्हणून गळा काढणाऱ्याने एकदा मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, तोंडावर शील्ड घेऊन उभं राहून पाहावं.

तरीही प्रश्न उरतो तो पोटाचा. २०१३ साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोन संशोधकांनी ७०२ व्यवसाय तपासले आणि अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना संगणकीकरणाचा मोठा धोका आहे असं मांडलं. हातात टॉर्च घेऊन जोडकाम करणाऱ्या वेल्डरला त्यांनी ९४ टक्के धोका दिला. वेल्डिंगचं यंत्र लावणाऱ्या आणि चालवणाऱ्याला त्याहून बराच कमी. प्रत्यक्षात मशीनवरचा ऑपरेटरच आधी हलला. हातकाम करणारा वेल्डर पूल, जहाजं, बॉयलर आणि पाइपलाइनवर अजून हवाच आहे. असे आकडे काय करणं शक्य आहे ते सांगतात. कोणाचं नाव हजेरीपटावरून जाणार, ते सांगत नाहीत.

त्यासाठी जर्मनीकडे वळावं लागतं. अर्थतज्ज्ञ वोल्फगांग डाउथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते २०१४ या वीस वर्षांतल्या जर्मन कामगारांच्या नोंदी तपासल्या. एका रोबोटमागे कारखान्यातल्या सुमारे दोन नोकऱ्या गेल्या; एकूण रोजगार मात्र घटला नाही, कारण सेवाक्षेत्राने ती तूट भरून काढली. आणि कामावर असलेल्यांना सहसा काढलंही नाही. त्याच कारखान्यात त्यांना दुसरं काम मिळालं. मग त्या दोन नोकऱ्या गेल्या कुठे? त्या नव्या पोरांसाठी निघाल्याच नाहीत. कोणाला घरी पाठवलं नाही, म्हणून कोणी गेटवर घोषणा दिल्या नाहीत. जागा रिकामी झाली आणि भरली गेली नाही, एवढंच.

अमेरिकेत मार इतका मऊ नव्हता. अर्थतज्ज्ञ असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो यांच्या हिशोबानुसार दर हजार कामगारांमागे एक रोबोट वाढला, की मजुरी ०.४२ टक्क्यांनी घटते आणि नोकरी असलेल्यांचं लोकसंख्येतलं प्रमाणही खाली येतं.

आता आपल्याकडे. भारतात २०२३मध्ये ८,५१० औद्योगिक रोबोट बसले, आदल्या वर्षापेक्षा ५९ टक्के जास्त, आणि त्यांतले ३,५५१ एकट्या मोटार उद्योगात. चाकणसारख्या ठिकाणच्या मोठ्या कंपन्यांच्या बॉडी शॉपमध्ये रोबोट ही आता नवलाई राहिलेली नाही. खरी हालचाल आहे ती भोसरी, वाळूज, सातपूरच्या सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडरांकडे, जिथे ब्रॅकेट, सायलेन्सर आणि सीटच्या फ्रेमवर सीओटू वेल्डिंग चालतं. इथे मजूर स्वस्त आहे, लॉट लहान आहेत, म्हणून रोबोट रमतगमत येतो. पण इथला ऑपरेटर बहुतेकदा ठेकेदाराचा असतो. जर्मन कामगाराला दुसऱ्या खात्यात बदली मिळाली. ठेकेदाराच्या माणसाला फक्त पुढच्या महिन्यात बोलावणं येत नाही. आकडेवारीत त्याची कपात म्हणूनही नोंद होत नाही.

रोबोट आल्यावर सेलमध्ये दोन तऱ्हेची माणसं उरतात. एक फिक्स्चरमध्ये भाग लावतो, क्लॅम्प आवळतो, बटण दाबतो आणि तयार भाग उतरवतो. हे काम चार दिवसांत शिकता येतं, आणि पुढच्या फेरीत यंत्र खाणार तेही हेच. दुसऱ्याच्या हातात टीच पेंडंट, म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायचं बटणांचं यंत्र असतं. पत्र्याची फट अर्धा मिलिमीटर वाढली तर हातकाम करणारा वेल्डर न बोलता टॉर्च किंचित झुलवतो. महागडा सेन्सर नसेल तर रोबोट शिकवलेल्या रेषेवरच वायर सोडत राहतो आणि बीड, म्हणजे जोडाची रेघ, एका बाजूला पडते. जोडातलं भोक, म्हणजे ब्लो होल, गॅस कमी पडल्यामुळे आला की पत्र्यावरच्या तेलामुळे, हे ज्याने स्वतः शेकडो मीटर बीड मारली आहे त्याला आवाजावरून आणि उडणाऱ्या स्पॅटरवरून कळतं. पेंडंटची बटणं आठवड्यात पाठ होतात. हा डोळा तसा येत नाही.

म्हणजे रोबोट चालवायला जो अनुभव लागतो, तो रोबोटने बंद केलेल्या कामातूनच मिळत होता. आजची लाइन सांभाळणारे पेंडंटवाले कालचे वेल्डर आहेत. ते निवृत्त झाल्यावर काय, याचा विचार रोबोटच्या कोटेशनमध्ये कुठेच नसतो.

असा खंड पडला की काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे, जरी तिथे कारण रोबोट नव्हते. माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्याने जर्मन आराखड्यावरची पाणबुडी आयएनएस शाल्की १९९२मध्ये आणि शंकुल १९९४मध्ये नौदलाला दिली. पाणबुडीच्या दाब सोसणाऱ्या कवचाचं वेल्डिंग हे या कामातलं सर्वांत अवघड कसब. त्यानंतर नवी पाणबुडी बांधायला मिळाली नाही. स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला २००५च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या अकरा वर्षांत शिकलेली माणसं पांगली, निवृत्त झाली, आणि कसब पुन्हा जमवावं लागलं. त्यांतली पहिली, कलवरी, नौदलात आली ती २०१७च्या डिसेंबरमध्ये.

आयटीआयचा वेल्डर हा ट्रेड आठवी पास मुलाला एका वर्षात करता येतो. गरीब घरातल्या मुलाला कारखान्यात शिरायची ती जुनी वाट आहे. आता रोबोटिक्सचाही वेगळा ट्रेड सुरू झाला आहे आणि त्याला दहावी पास लागते. दोन्ही वर्ग वेगवेगळ्या खोल्यांत भरतात. पहिल्या खोलीतल्या मुलाला पेंडंट आणि दुसरीतल्या मुलाला वेल्डिंगचा होल्डर हाती मिळाला, तर काहीतरी बदलेल. त्याला वेगळा कायदा लागत नाही. वेळापत्रक बदलावं लागतं, आणि वेंडरने रोबोट घेताना शिकाऊ मुलांसाठी एक हातकामाचं टेबल राखून ठेवावं लागतं. रोबोटच्या किमतीपुढे त्या टेबलाचा खर्च किरकोळ आहे. अडचण एकच, की त्या टेबलावर पहिली दोन वर्षं रिजेक्शनच जास्त निघेल, आणि ते कोणाच्या खात्यावर टाकायचं हे मालक, मोठी कंपनी आणि सरकार यांपैकी कोणीही अजून ठरवलेलं नाही.