हापूसच्या जुन्या कलमांची छाटणी



रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आजोबांच्या काळातल्या हापूसच्या बागा आठवा. कलमं आभाळाला भिडलेली, फांद्या एकमेकींत घुसलेल्या, आत भरदुपारी सावली. ऊन नाही म्हणून आतल्या फांद्यांना मोहोर नाही. जो काही आंबा लागतो तो शेंड्याला. तिथवर फवारा पोचत नाही, म्हणून तुडतुड्यांचं फावतं. झेला पुरत नाही, म्हणून गडी जिवावर उदार होऊन चढतो.

अशा कलमांना छाटणीने पुन्हा उमेद येते. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधली सरळ वाढलेली फांदी बुंध्याजवळून काढा, म्हणजे ऊन आत उतरेल. बाजूच्या मुख्य फांद्या जमिनीपासून साधारण 10 ते 13 फुटांवर कापा. कोयत्याचे घाव घालू नका, यांत्रिक करवत वापरा. आधी खालच्या अंगाने थोडा काप घ्या, मग वरून. नाहीतर फांदी आपल्याच भाराने मोडते आणि साल बुंध्यापर्यंत सोलत नेते. काप तिरका ठेवा, पाणी साचत नाही. त्याच दिवशी त्यावर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

खरी मेहनत पुढे आहे. कापाखाली फुटव्यांचा झुपका येतो. तो तसाच सोडला तर पुन्हा दाटी होते. बाहेरच्या दिशेने जाणारे, जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे विरळून टाका. खोडावर भुसा दिसला की भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, आहे असं समजा आणि लगेच बंदोबस्त करा. छाटणीनंतर लगेच कल्टार हे मोहोरासाठीचं संजीवक देऊ नका, आधी झाडाला पालवी धरू द्या.

छाटायला मन का धजत नाही, ते मला ठाऊक आहे. दोन वर्षं त्या झाडाचं उत्पन्न जातं, फळ तिसऱ्या वर्षापासून धरतं. बाग कराराने दिली असेल तर हे नुकसान सोसायचं कुणी, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून सगळी बाग एकदम छाटू नका. दरवर्षी थोडी कलमं घ्या, उरलेल्यांवर घर चालेल. करार करतानाच छाटायची कलमं वगळून लिहून घ्या.

यंदा बागेतली सर्वांत उंच आणि सर्वांत कमी देणारी दोन-चार कलमं निवडा. करवत लावण्याआधी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना ती दाखवा.