मोटारीतील होकायंत्र



पुंडलिकनगरातील एखाद्या मोकळ्या प्लॉटवर होकायंत्र धरा. सुई उत्तर दाखवील. तेच मोटारीत ठेवा, सुई भलतीकडे वळेल. मुलगा विचारील, "पुस्तक खोटे की सुई?" त्याला गप्प बसवू नका. खोटे कुणीच नाही. मोटारीचे पोलाद, स्पीकरमधील लोहचुंबक आणि तारांतून वाहणारी वीज सुईला ओढतात. आपल्या भागात खऱ्या व चुंबकीय उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही. चूक सारी मोटारीची.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम 1904 साली अलिबागला न्यावे लागले. संचालक होते नानाभाई मूस. अलिबागची इमारत लोखंड टाळून बांधली. आपल्याला मोटार बिनलोखंडाची करता येत नाही, म्हणून चूक मोजून काढायची.

मोटारीच्या चांगल्या होकायंत्राला दुरुस्तीचे दोन स्क्रू असतात. मोटारीपासून दहा-पंधरा पावलांवर दुसऱ्या होकायंत्राने दिशा ठरवा. इंजिन चालू ठेवून मोटार उत्तराभिमुख करा व पितळी स्क्रूड्रायव्हरने उत्तर-दक्षिण स्क्रू फिरवून सारी चूक काढा. पूर्वेला दुसऱ्या स्क्रूने तसेच. दक्षिणेला व पश्चिमेला मात्र निम्मीच काढा. सगळी काढली तर ती समोरच्या दिशेला परत येते! उरलेली चूक आठही दिशांना मोजून कागदावर लिहा आणि तो कागद होकायंत्राखाली चिकटवा.

मोबाईलचा चुंबकी स्टँड तेवढा शेजारी नको. मोबाईलमधल्या होकायंत्रालाही मोटारीत हीच व्याधी जडते.