थांबलास कशाला?

लोहा तालुक्यातल्या एका गावात सप्ताह होता. मी तेव्हा सतरा वर्षांचा. नेहमीचे पेटीवाले तापानं फणफणले, म्हणून ऐनवेळी मला बसवलं. दीड तास बरा गेला. शेवटी बुवांनी काळी पाच पट्टीत भैरवी धरली. या पट्टीत कोमल गांधार येतो काळी एकवर आणि शुद्ध गांधार त्याला लागूनच, पांढरी दोनवर. घामानं बोट घसरलं अन् पांढरी दोन खणखणीत वाजली. जाणकार भैरवीत बाराही सूर खेळवतात, पण ते ठरवून. माझा नुसताच घसरलेला. बुवांनी मान वळवून पाहिलं आणि मी दोन्ही हात उचलले. पेटी बंद!

पखवाजावर एक आजोबा होते. त्यांचा भजनी ठेका तसूभरही हलला नाही. आठ मात्रांचं आवर्तन, सम ती किती लांब असणार? सम आली तसं त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. मी सूर धरला. कीर्तन झाल्यावर पखवाजाची कणीक खरवडत ते म्हणाले, "लेकरा, सूर चुकला ते जाऊ दे. थांबलास कशाला? चुकलेला सूर लोकं इसरतेत. पेटी बंद पडली की सगळेच माना वर करतेत."

पुढं मी पेटी शिकवू लागलो आणि या बोलण्याचा अर्थ कळत गेला. मुलगा चुकला की काय करतो? पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा तिथंच चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. महिनाभरात सुरुवात झकास बसते, अवघड जागा कच्चीच राहते, आणि चुकलं की थांबायचं ही सवय मात्र पक्की होते. त्यानं रियाज केला तो थांबण्याचा! मग गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत परीक्षकांसमोर तो अडला, तर त्यात नवल काय?

म्हणून मी रियाजाचे दोन भाग करतो. एकात फक्त अडणाऱ्या चार-सहा मात्रा घ्यायच्या, अगदी विलंबित लयीत, बोटं आपोआप पडेपर्यंत. दुसऱ्यात बंदिश सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायची. इथं चुकलं तरी मागं फिरायचं नाही. हात सुटला तर मनात मात्रा मोजायच्या आणि समेवर यायचं. तबलजी आधी बोल तोंडानं म्हणतात, मग हातानं वाजवतात. पेटीवाल्यानंही सरगम तोंडपाठ ठेवावी. बोट घाबरलं तरी जिभेला वाट ठाऊक असते.

भीती वाटली की छाती धडधडते, बोटं गार पडतात आणि लय नकळत चढते. पेटीवर भीतीची पहिली चाहूल लागते डाव्या हाताला. भाता जोरात हलायला लागतो अन् सूर किंचाळतो. अशा वेळी उजव्या हाताकडे बघू नका. भाता सावकाश करा, त्याबरोबर श्वासही सावकाश होतो.

पेटीवर चूक लपत नाही, हेही खरंच. सारंगीवर सूर जरा उतरला तर बोट सरकवून सावरता येतो. पेटीवर दाबलं ते वाजलं. मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून तर १९४० साली आकाशवाणीनंच पेटीला दार बंद केलं होतं. ते पुन्हा किलकिलं झालं १९७१ च्या सुमारास. एवढी वर्षं बाहेर राहून पेटी परत आली. आपण एका गांधारानं कशाला खचायचं?

आणि ऐकणारे कशासाठी येतात, तेही पाहा. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात रागी जथा कीर्तन करतो. पेट्या असतात, तबला असतो, पण टाळ्या पडत नाहीत. संगत आलेली असते शबद ऐकायला. औशाच्या नाथ संस्थानात चक्री भजन चालतं, तिथं भजनकरी तालावर गोल फिरतात. एखाद्याचं पाऊल चुकलं म्हणून चक्र थांबत नाही. त्यानं पुढच्या ठेक्यावर पाऊल मिळवायचं. लोक माझी चूक धरायला बसलेत, असं वाटण्यात भीतीचं निम्मं बळ आहे. खरं तर ते अभंगाला आलेले असतात आणि आपण त्या अभंगाची साथ करत असतो.

परीक्षेची गोष्ट वेगळी, तिथं चूक मोजायला माणूस बसलेला असतो. पण तोही लयीत सावरणारा विद्यार्थी ओळखतो. परीक्षेआधी आठवडाभर घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, कुकरच्या शिट्ट्यांत वाजवा. समोर माणसं असण्याची सवय घरातच होते.

ते आजोबा आता नाहीत. पण आजही बोट घसरलं की माझा हात पेटीवरून उठत नाही. आज रियाजाला बसलात की एक बंदिश न थांबता शेवटपर्यंत वाजवा. चुकलात तर चुकू द्या, पण हात उचलू नका.